बाईंचा ताल चुकतो

गोव्यात मांद्र्याला आमच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. दिवाळीनंतर आम्ही त्या पाहुण्यांना भाड्याने देतो. चादरी, गॅस, पाण्याची टाकी, कुलपांच्या जादा किल्ल्या हे सगळं मी वहीत लिहून ठेवते, म्हणून कुठल्याही पाहुण्याला आजवर ‘थांबा, बघते’ असं सांगावं लागलेलं नाही. एका हंगामात दोन महिन्यांसाठी आलेल्या एका परदेशी बाईंच्या सामानाचीही मी नोंद केली: एक बॅग, एक छत्री आणि रजईत गुंडाळलेली माणसाएवढी लांब वस्तू. उलगडली तेव्हा कळलं की तो विजेवर चालणारा पियानो आहे.

बाई सत्तरीच्या असतील. उंच, सडपातळ, कुठल्यातरी थंड देशातल्या. इंग्रजी त्यांचं माझ्याइतकंच, म्हणजे कामापुरतं. वाजवलेलं चालेल का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी वेळ विचारून घेतली. सकाळी दहा ते साडेअकरा. सासूबाईंची आंघोळ तोवर झालेली असते, जेवणाला अवकाश असतो. चालेल म्हटलं.

पहिला तासभर त्या नुसता बोटांचा सराव करत. वर-खाली, वर-खाली. त्याची सवय दोन दिवसांत झाली. मग अकराच्या सुमारास त्या थांबत, पाणी पीत आणि एक अगदी संथ रचना वाजवत. रोज तीच. डावा हात खालचे तेच ते चार स्वर फिरवत राहायचा. उजवा हात वर एकच स्वर लावायचा आणि तो विझेपर्यंत पुढे जायचाच नाही. विझला असं वाटलं की आणखी थोडं थांबायचा. मग दुसरा.

मी पहिल्यांदा ते नीट ऐकलं तेव्हा धोब्याचे कपडे मोजत होते. संपल्यावर पाहिलं तर हातात उशीचा अभ्रा तसाच आणि वहीत एक ओळ नाही. असं माझं होत नाही.

मग मी इतरांकडे बघायला लागले. न्हाणीघराच्या फरश्या बसवायला बेळगावकडचा एक गवंडी येत होता. अकरा वाजले की तो फरशी कापायचं मशीन स्वतःहून बंद करायचा.

“का हो, लाइट गेली का?”

“न्हाई अक्का. तेवढं होऊ द्या, मग लावतो.”

“गावाकडचं काही आठवतं का?”

“काय आठवत न्हाई, तेच तर. सगळं डोकं रिकामं होतंय बघा.”

मासळीवाली पाटी उतरवून पायरीवर बसली ती उठेचना. डोळ्यांतून पाणी. आणि रचना संपल्याबरोबर तीच माझ्यावर भडकली. “वयनी, त्या पेटयेक बंद कर म्हणान सांग! सकाळीच माका रडवल्यान. आता हे बांगडे कोण विकतलो?” दुसऱ्या दिवशी मात्र ती बरोबर अकराला आली. आमच्याकडे एकादशी होती, मासळी नको होती, हे तिलाही ठाऊक होतं.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या मधल्या भिंतीला तळहात लावून बसायच्या. त्यांचं म्हणणं, कोणीतरी म्हातारी जिना उतरते आहे, गुडघे धरत, एकेक पायरी. शेवटचा स्वर गेला की त्या मला विचारत, “पावली काय गो ती खाली?” मी रोज हो म्हणायची. एकदा मी कामात होते, उत्तर द्यायला उशीर झाला, तर त्या खरोखर काळजीत पडल्या.

आणि माझे दीर. हे सांगायचं म्हणजे थोडं मागचं सांगावं लागेल. दीर पखवाज वाजवतात. गावात भजन असलं की त्यांना बोलवावंच लागतं. माझी जाऊ वारली त्या दिवसापासून त्यांनी पखवाजाला हात लावला नव्हता. सुतक संपलं, चतुर्थीच्या आरत्या झाल्या, देवळातला सप्ताह झाला, तरी नाही. कोणी आग्रह केला की म्हणायचे, हात गेला माझा. शेवटी त्यांनी जाहीर केलं की वर्षश्राद्ध झालं की पखवाज देवळाला देऊन टाकायचा. मी भटजींना, आचाऱ्याला सांगायचं तसं देवळाच्या पुजाऱ्यांनाही सांगून ठेवलं. वर्षश्राद्धाला तेव्हा दोन आठवडे होते, आणि मला मनातून वाटत होतं की पखवाज गेला तर हा माणूसही आमच्या हातचा जाईल. जेवायला बसायचे, दोन घास खायचे, उठायचे. थट्टा करणं तर बंदच.

बाईंची ती रचना त्यांनी आठवडाभर ऐकली. ओटीवर बसून, मांडीवर बोटं आपटत. भजनी माणूस तो, कानावर सूर पडला की बोटं मात्रा मोजणारच. रोज कुठेतरी बोटं अडायची आणि कपाळाला आठी पडायची. शेवटी ते मला म्हणाले, “वयनी, ह्या बाईचो ताल चुकता.”

“चुकत असेल.”

“रोज त्याच जाग्यार चुकता. बिचारीक ठेको धरूक कोण नाय ना. एकटी बसान वाजयता, मग काय होतला?”

मला ते पटलं. आमच्याकडे गाणारा कितीही मोठा असो, ठेका धरणारा लागतोच. बाई लांबून आलेल्या, म्हाताऱ्या, सोबतीला कोणी नाही. पाहुण्यांना काय कमी पडतं ते बघणं माझंच काम. मी म्हटलं, “मग तुम्ही धरा. पाहुणी आहे आपली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते, तर दीर स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“वयनी, कणकेचो गोळो दी.”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा चिकटवतात, त्याशिवाय खालचा घुमारा येत नाही. तीस वर्षं तो गोळा माझ्या जावेने दिला होता. मला तो किती मोठा लागतो हेही माहीत नव्हतं. मी परातीतून मूठभर काढून दिला. त्यांनी त्यातला निम्मा परत ठेवला. “गायीक नाय घालूचो माका,” म्हणाले. दहा-अकरा महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेली ती पहिली थट्टा होती. मी पोळी करपवली.

त्यांनी खोळ काढली, हातोडीने पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकत सूर लावला. अकराला आम्ही बाईंच्या दारात. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की माझे दीर तुम्हाला मदत करतील. कशाची मदत, ते काही मला सांगता आलं नाही. बाईंनी पखवाज पाहिला, दिरांकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी सरकवून जागा करून दिली.

पहिले चार स्वर आले. दिरांनी संथ ठेका धरला. पहिला वरचा स्वर, दुसरा, इथवर जमलं. तिसऱ्याला बाई थांबल्या आणि ठेका एकटाच पुढे गेला. त्यांनी मागे येऊन सम गाठायचा प्रयत्न केला, तोवर बाई निघाल्या होत्या. पाचव्या-सहाव्या स्वराला दिरांनी हात उचलले. मला वाटलं, संपलं. उठतील, खोळ घालतील आणि आजच पखवाज देवळात नेऊन ठेवतील. मदत म्हणून आणलेल्या माणसाची फजिती मीच केली होती.

पण ते उठले नाहीत. हात दोन्ही तोंडांवर चार बोटं उंच धरून तसेच बसून राहिले. बाई वाजवत होत्या. एक स्वर यायचा, लांब जायचा, इतका लांब की कधी गेला ते कळायचं नाही. मग खोलीत काहीच नाही. गवंड्याचं मशीन नाही, बाहेर पंपसुद्धा नाही. त्या रिकाम्या जागेत मला माझ्याच घराची भीती वाटली, देवळात गाभाऱ्याशी एकटं उभं राहिलं की वाटते तशी. आणि मग पुढचा स्वर यायचा. दिरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला ते हात खाली घेत नव्हते.

संपल्यावर ते बाईंशी नाही, माझ्याशी बोलले.

“वयनी, शेवटच्या दिशी मी तिचे श्वास मोजीत होतंय. इस्पितळात. सवयच ती, बोटां आपसूक मोजतत. चार मात्रा, मग सहा, मग आठ. मग जो येवचो होतो तो इलोच नाय.”

तीस वर्षं मी आणि ती एका चुलीपुढे होतो. हे मला माहीत नव्हतं.

“ही बाई तशीच थांबता,” ते म्हणाले. “मी मोजतंय, मोजणा संपता. माका वाटता, सूर गेलो आता. आणि मग येता. उशिरान, पण येता. ताल चुकणा नाय तिचो. माकाच मोजूक येय नाय.”

बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. त्या मांडीवर हात ठेवून वाट बघत होत्या. दिरांनी एक बोट वर केलं: पुन्हा एकदा. या खेपेला त्यांनी ठेका धरलाच नाही. सगळी रचना ऐकत राहिले आणि मध्यावर कुठेतरी, एक वरचा स्वर विझून गेल्यावर, डाव्या हाताने एकच घुमारा दिला. अगदी खालचा, जमिनीतून आल्यासारखा. बाई वळल्या नाहीत. पण तो घुमारा संपेपर्यंत त्यांचा उजवा हात हवेत थांबला होता, हे मी पाहिलं.

मला गोष्टी मधेच लोंबकळत ठेवता येत नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, “भाऊजी, पुजाऱ्यांना मी सांगून ठेवलंय. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी माणूस येईल न्यायला. काय सांगू?”

ते पायरीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्या गप्प बसण्याची घाई झाली नाही.

“सांग, इतक्यात नाय म्हणान,” ते म्हणाले. “बाई अजून महिनोभर आसा.”

“आणि बाई गेल्यावर?”

“तेव्हा बघू गो. तू आताच लिवन ठेव नको.”

मी पुजाऱ्यांना फोन करायला अंगणात आले. आत बाईंनी तिसऱ्यांदा सुरुवात केली होती. नंबर लावून मी तशीच उभी राहिले. पलीकडून पुजारी हॅलो हॅलो करत होते आणि मी त्यांना म्हटलं, “एक मिनिट थांबा, एक स्वर यायचा आहे.”