दाण्यावाचून भरीत

आईशपथ सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. मी मीठमसाला टाकलाय तेवढं सोडून. आणि मीठमसाल्याशिवाय मला सांगता येत नाही!

सन साठ-पासष्टच्या सुमारास मी जळगावला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दवाखान्यात दोन गोष्टी साचतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या पेशंट परत नेतो, किस्से आपल्याच गळ्यात!

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द तेव्हा नवाकोरा होता. डाळमिलचे एक मारवाडी शेठ रोज सकाळी चाळीस-चाळीस शिंका द्यायचे. डॉक्टर म्हणाले, “डाळीची धूळ सोसत नाही तुम्हाला. बैठक चाळण्यांपासून लांब न्या, नाकाला रुमाल बांधा.”

पंधरा दिवसांत शिंका बंद! शेठ खूश. मजूर मात्र हवालदिल. मुकादम मला म्हणाला, “भाऊ, आधी शिंक यायची, मग शेठ. आता शेठ एकदम समोरच! विडी विझवायलासुद्धा वेळ मिळत नाही!”

*

आबा पाटलांना दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अंगभर खाज. डॉक्टरांनी सांगितलं, “काय काय खाता ते आठवडाभर वहीत लिहा.”

आबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून वही लिहिली त्यांच्या कारभारणीनं, अक्कांनी. अक्का माळकरी. वहीत सगळं भाकरी, पिठलं, कढी. डॉक्टर चक्रावले. शेवटी त्यांनी अक्कांना बाहेर बाकावर बसवलं. आबा हळूच म्हणाले, “बाजारच्या दिवशी खाणावळीत सुके बोंबील खातो. पण तिला कसं लिहायला सांगू?”

बोंबील बंद, खाज बंद! अक्का गावभर सांगत सुटल्या, “वही लिहिली की खाज जाते.” पुढच्या आठवड्यात सहा बायका कोऱ्या वह्या घेऊन दारात!

*

चाळीसगावकडचे नाना आपल्या नव्या सुनेला, कमलला घेऊन आले. जेवण झालं की पोरीच्या अंगावर गांध्या उठायच्या, ओठ सुजायचे. सासूबाई सोबत होत्या. “हाऊ रोग बठ्ठासले, घरभर सगळ्यांना लागी! हिला माहेरी धुळ्याला धाडते. बरी झाली की बघू.”

असल्या ‘बघू’चा अर्थ आम्हाला ठाऊक होता. कमलचा चेहरा पांढराफटक पडला.

खाज म्हटली की आपल्याकडे पहिला गुन्हेगार वांगं. डॉक्टरांनीही वांगं बंद केलं. पंधरा दिवसांनी गांध्या तशाच, आणि सासूबाईंनी धुळ्याला पत्रही टाकलेलं!

तेव्हा कुठे डॉक्टरांनी कमललाच विचारलं, “माहेरी होत होतं का हे?”

“नाही. आई माझ्या भाजीत तिळाचं कूट घालायची. शेंगदाणे मला लहानपणापासून बाधतात.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“नव्या सुनेनं ताटातलं ‘नको’ कसं म्हणायचं? आणि विचारलं कोणी?”

डॉक्टरांनी फर्मान काढलं. दाणे बंद, दाण्याचं तेल बंद, आणि दाणे कुटलेल्या भांड्यातलं काही द्यायचं नाही. नाना म्हणजे पंचक्रोशीतले भरिताचे उस्ताद. ते कळवळले, “दाना नही, मंग भरीत कसानं?”

*

महिन्याभरात कमलच्या गांध्या गेल्या. मार्गशीर्षात नानांनी मळ्यात भरिताची पार्टी ठेवली. डॉक्टरांना आणि मला बोलावणं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झाली. नानांनी कडुनिंबाच्या लाकडाची कोरी बडगी, म्हणजे भरीत कुटायचं होडीसारखं भांडं, पुढे ओढली आणि सगळं भरीत तिच्यात कुटलं. तेल तिळाचं.

भाऊबंद ओरडले, “नाना, दाना भूली ग्यात का?”

नाना मान वर न करता कुटत राहिले. इतक्यात शेजारच्या काकू मूठभर खारे दाणे चघळत आल्या आणि कमलच्या पत्रावळीवर वाढायला वाकल्या. सासूबाई ताडकन उठल्या.

“पहिले हात धुई ये! आठे मनी सून बठेल शे!”

‘माझी सून इथं बसलीय’ असं सासूबाईंनी ठणकावल्यावर काकू विहिरीकडे गेल्या. मग आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत ते भरीत खाल्लं.

आता कबुली. मिटक्या मी रचल्या. दाण्यावाचून भरीत अगदीच मिळमिळीत झालं होतं. पण प्रत्येकानं दोनदा मागून घेतलं.