आत्या जहाजावरच राहिली

१८ जुलै, शुक्रवार. जहाजावर: माझी मैत्रीण शैला, मी आणि माझा नवरा अविनाश. धक्क्यावर: शैलाचा धाकटा भाऊ निखिल, त्याची बायको स्नेहा आणि त्यांची चार महिन्यांची मुलगी. मध्ये दोन किलोमीटर समुद्र, आणि त्यात तरंगता बर्फ.

शैला विमानतळावर काम करायची. विमान रखडलं की चिडलेले प्रवासी तिच्या खिडकीशी येत. पंधरा वर्षं तिने त्यांना एकच सांगितलं, "हवेवर रागावून विमान सुटत नाही. बसा, चहा घ्या." डब्लिनजवळ स्वोर्ड्सला तिचं घर, तिथेही तोच कायदा. ल्यूकनच्या आमच्या घरून तिच्याकडे जाताना आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मी फोनवर कुरकुरले की इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणायची, "ग्रँड, काही बिघडत नाही. भात अजून लावलाच नाहीये." पोहोचल्यावर भात गार झालेला असायचा.

ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या त्या गावात निखिल बर्फाचा अभ्यास करतो. विमान तिथे उतरत नाही. हेलिकॉप्टर, नाहीतर बोट. मुलगी झाल्यावर त्याने नाव ठरवायचं काम शैलावर सोपवलं, आणि इथेच आमचं चुकलं. बारशाला आत्या कानात कुर्र करून नाव सांगेल, तोवर आईबापांनाही कळता कामा नये, असं शैलाने जाहीर केलं. आम्ही सगळ्यांनी कौतुकाने मान डोलावली. डब्लिनहून निघणारं एक जहाज त्या गावी सहा तास थांबणार होतं. मी यादी केली: कुंची, भिजवलेले हरभरे, पाळण्याची दोरी, लोकरीचे मोजे. सहा तासांऐवजी सहा मिनिटंही मिळाली नाहीत तर काय, हे कुणी विचारलं नाही.

आदल्या दिवशी वारा फिरला आणि पूर्व किनाऱ्याकडून वाहत येणारा बर्फ खाडीच्या तोंडाशी जमला. सकाळी नऊला घोषणा झाली: जहाज आत जाणार नाही, एक लहान बोट सोडून पाहू. त्या बोटीत पहिली शैला चढली. काठाच्या साडीवर लाइफ जॅकेट, मांडीवर कुंचीची पिशवी. मी तिच्या शेजारी.

आधी टेबलाएवढे तुकडे लांब लांब होते. मग ते बोटीच्या कडांना घासू लागले. खलाशी लांब काठीने ते ढकलत होता. एक दूर केला की त्याच्या जागी दोन येत. धक्क्यावर लाल टोपी हलताना दिसली.

"तो बघ निखिल," मी म्हटलं. शैला तिकडे बघत नव्हती. तिचे डोळे खलाशाच्या चेहऱ्यावर होते. त्याच्या वायरलेसवर दोन शब्द आले आणि त्याने बोट वळवली.

"दहा मिनिटं द्या," शैला त्याला म्हणाली. "मी एकटी जाते. कशीही जाते."

"बर्फावर रागावून वाट होत नाही, बाईसाहेब," तो इंग्रजीत हळूच म्हणाला.

आम्ही जहाजावर परत चढलो. डेकवर निखिलचा फोन आला. "ताई, आता फोनवर सांग ना. तिच्या कानाशी धरतो."

"फोनवर मी उशीर झाल्याचं सांगते. नाव नाही."

"किती हट्टी आहेस गं."

"आत्या आहे."

अविनाशने पुढे केलेला चहा तिने घेतला नाही. गाव दिसेनासं होईपर्यंत ती पिशवी धरून उभी होती.

सप्टेंबरचं हेलिकॉप्टर वादळाने रद्द झालं. जानेवारीत शैला आजारी पडली आणि पाचव्या दिवशी गेली. निखिल हिमवादळात तिकडेच अडकला होता. त्या हवेत बाळाला आणणं तर शक्यच नव्हतं. आदल्या दुपारी शैलाने हॉस्पिटलमध्ये मला जवळ वाकायला लावलं. "कुर्र," म्हणाली, आणि नाव सांगितलं. मला हसू आलं. तीही हसली.

"आता तूच आत्या. आणि नाव कुठे लिहून ठेवू नकोस. तुझा भरवसा नाही."

निखिल डब्लिनला दोन दिवस उशिरा पोहोचला. बूट काढतानाच त्याने विचारलं, "ताईने सांगितलं?"

"हो. सांगू?"

"नको मीनाताई. मला नको. येऊन बाळाला सांगा."

यंदाच्या जहाजाने तो थांबा आठवडाभर आधीच वगळला; कारण, बर्फ. ऑगस्टच्या हेलिकॉप्टरमध्ये एक जागा मिळते का, ते मी रोज पाहते आहे. मुलगी चालायला लागली. कागदावर तिला काहीतरी नाव द्यावं लागलंच, पण घरी अजून सगळे छकुलीच म्हणतात. तिच्या कानापर्यंत पोहोचायचं राहिलं आहे.