विसण

मे महिन्यात अलिबागजवळ एक व्हिला भाड्याने घेतला होता. फोटोत तिथल्या स्विमिंग पुलाचं पाणी इतकं निळं होतं, की बघूनच गार वाटावं. पोचल्या पोचल्या मी पाय बुडवला आणि झटकन बाहेर काढला. पाणी गरम नव्हतं, गारही नव्हतं. बरोबर माझ्या अंगाइतकं होतं. पाय कुठे संपतो नि पाणी कुठे सुरू होतं, तेच कळेना. कुणीतरी तोंडात धरून परत टाकलेल्या चुळीसारखं ते वाटलं.

"विसण घाला की त्यात!" बायको हसत म्हणाली.

लहानपणी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, की आई त्यात गार पाण्याचं विसण घालायची आणि बोटं बुडवून बघायची. तेही कोमटच असायचं. पण ते माझ्या एकट्याचं होतं. इथे आमच्या आधी किती जण डुंबून गेले असतील! कडेला त्यांच्या क्रीमचा तेलकट तवंग अजून हलत होता.

मेहुण्याने खरंच बिअरच्या टबातला बर्फ आणून ओतला. तो बघता बघता विरघळला; बाटलीचं एक भिजलेलं लेबल तेवढं तरंगत राहिलं.

"या ना भाऊजी, मस्त कोमट आहे!"

आग्रहापुढे उतरलो. शी! दोन मिनिटांत बाहेर येऊन थेट बाथरूम गाठली आणि गार पाण्याचा नळ पूर्ण सोडला. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापलेली. नळालाही तेच पाणी, बरोबर माझ्या अंगाइतकं.

आता विसण कुठून आणायचं?