लेडरर साहेबांची खोली

शेंद्र्याच्या त्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात लेडरर साहेबांना खोली कुणी दिली, हा प्रश्न आयकर खात्याला पडेपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. खोली दिली होती रामहरी गाडेकरनं. ना कुणाला विचारलं, ना कुठं ठराव केला. पाहुणा आलाय, त्याला बसायला जागा पाहिजे, एवढी साधी गोष्ट. आता त्याच्यासाठी काय दिल्लीला विचारायचं?

रामहरी तिथं प्रशासन बघायचा. नाव प्रशासन, पण कामं म्हणाल तर कॅन्टीनच्या भाजीत तेल लई झालं इथपासून परदेशी पाहुण्याची पोलिसात नोंद करण्यापर्यंत सगळी त्याच्याच गळ्यात. बसगाड्या तो बघायचा, वॉचमनच्या पाळ्या तो लावायचा, करमाडच्या कुण्या कामगाराच्या घरी मयत झाली तर हार घेऊन तोच पुढं. माणूस उंच, सडपातळ, आवाजानं मऊ. पुंडलिकनगरात घर, बायको करुणा शाळेत शिक्षिका. ओरडून काम करून घेणं त्याला कधी जमलं नाही, आणि तरी त्याची कामं व्हायची.

जन्म लासूर स्टेशनच्या पलीकडच्या एका वाडीतला. वडील मल्हारराव मेंढरं राखायचे. सुगी झाली की मेंढरं घेऊन गावोगाव निघायचं, खतासाठी कुणाच्या रानात ती बसवायची, तिथंच तळ टाकायचा. त्या तळावर भिंत नाही, दार नाही. पण पाहुणा मात्र यायचाच, आणि आला की त्याच्यासाठी वेगळी घोंगडी अंथरली जायची. ती घोंगडी एकदा टाकली की पाहुणा उठून जाईस्तोवर त्याची. तिच्यावर घरच्या कुणी पाय द्यायचा नाही, पाहुण्यानं बोलावल्याशिवाय टेकायचंही नाही. लहानपणी रामहरी एकदा खेळता खेळता पाहुण्याच्या घोंगडीवर लोळला, तर आई कस्तुराबाईनं त्याला बखोटीला धरून उठवलं होतं आणि पाहुण्यादेखत रट्टा दिला होता. बिनभिंतीच्या घरात पाहुण्याची खोली असते ती तेवढीच, असं ती म्हणायची. रामहरी पुढं वसतिगृहात राहून शिकला, पदवी घेतली, नोकरीला लागला, पण हे काही त्याच्या अंगातून गेलं नाही.

कारखान्याची मूळ कंपनी ऑस्ट्रियाची. तिथून दोन तऱ्हेची माणसं यायची. काही इथल्या पोरांना मशीन शिकवायला यायची आणि आठवड्याभरात परत जायची. लेडरर साहेब तसे नव्हते. ते मूळ कंपनीचे विक्रीचे माणूस. ऑस्ट्रियात बनलेली मोठाली मशिनं वाळूजच्या, पुण्याकडच्या कारखान्यांना विकणं हे त्यांचं काम. पगार तिकडचा, हुकूम तिकडचा, बसायला मात्र शेंद्र्याला. दरवर्षी दिवाळीनंतर यायचे ते उन्हाळा तापला की जायचे. अशी तीन वर्षं आले.

पहिल्या वर्षी आले तेव्हा त्यांना कॉन्फरन्स हॉलच्या कोपऱ्यात टेबल दिलं होतं. येणारा जाणारा त्यांच्या खुर्चीला धक्का मारून जायचा. रामहरीला ते बघवलं नाही. स्टोअरच्या वरची एक खोली रिकामी होती, ती त्यानं साफ करून घेतली, पडदे लावले, एसी बसवला. दारावर पितळी पाटी लावली, अंटोन लेडरर, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत. साहेबांनी पाटीवर बोट फिरवलं, मराठी अक्षरं कोणती ते विचारून घेतलं आणि रामहरीचा हात बराच वेळ धरून ठेवला. आणि मग रामहरीनं शिपायापासून अकाउंट्सपर्यंत सगळ्यांना बजावून ठेवलं की ही खोली साहेबांची, आत पाऊल टाकायचं नाही. दुसरी किल्ली त्याच्या ड्रॉवरमध्ये असायची, पण ती त्यानं कधी लावली नाही. झाडलोटसुद्धा साहेबांना विचारून, साहेब समोर असतानाच.

साहेब तिसऱ्या वर्षी निवृत्त झाले आणि गेले. त्यानंतर एका सकाळी आयकर खात्याची माणसं कारखान्यात पाहणीला आली. सगळीकडं फिरली आणि त्या खोलीपाशी येऊन थांबली. पाटी अजून तिथंच होती. रामहरीनंच ठेवली होती, साहेब कधी परत आले तर असावी म्हणून. त्यांनी पाटीचे फोटो काढले.

इथं कायदा थोडा सांगावा लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. परदेशी कंपनीनं आपल्या देशात नुसता माल विकला, तर त्या नफ्यावर कर तिच्या देशात. पण तिनं इथं धंद्यासाठी पक्कं ठाणं मांडलं असेल, तर त्या ठाण्यातून कमावलेल्या नफ्यावर आपल्या सरकारचाही हक्क. दोन देशांच्या करारातच तसं लिहिलेलं असतं. ह्या ठाण्याला करवाले पीई म्हणतात, आणि ह्या दोन अक्षरांवरून आज मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडालीय. ठाणं म्हणजे काय, ह्यातच सगळी मेख. इमारत कुणाची, भाडं कोण भरतं, हे विचारून भागत नाही. ती जागा परदेशी कंपनी आपली म्हणून वापरत होती का, हे बघतात. कागदात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून रोज प्रत्यक्षात काय चालायचं ते खोदून काढतात. आणि शेंद्र्याच्या कारखान्यात प्रत्यक्षात काय चालायचं हे सांगू शकणारा माणूस एकच होता.

रामहरीला जबाबाचं बोलावणं आलं. कारखान्याचे मोठे साहेब शिवराज यांनी त्याला केबिनमध्ये बसवून घेतलं. शिवराज तसे वाईट माणूस नव्हते. पण ऑस्ट्रियाहून रोज फोन येत होते, आणि ही खोलीची कल्पना कुणाची, हे तिकडचे लोक पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"रामहरीभाऊ, जबाब नीट झाला तर मी तुम्हाला सांभाळून घेईन. नाही झाला, तर माझ्याच्यानं तुम्हाला इथं ठेवणं होणार नाही."

रामहरीनं मान हलवली. दुसरं काय करणार? पन्नाशी जवळ आलेली, आणि उभी उमर त्या एका कारखान्यात गेलेली.

मुंबईहून करप्रकरणांची वकील आली, मोनिका नावाची. बाई हुशार आणि सरळ. तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं की खोटं एक अक्षर बोलायचं नाही. खोटं बोलायची गरजही नव्हती. खोली भारतीय कंपनीची, म्हणजे कारखान्याची, किल्ली भारतीय कंपनीच्या माणसाकडं, लेडरर साहेबांना जागा दिली ती सोय म्हणून, उद्या उठा म्हटलं असतं तर त्यांना उठावं लागलं असतं. हे सगळं खरंच होतं. पाटीचं विचारलं तर सांगायचं की आदरानं लावली, आपल्याकडं अशी पद्धत असते. तेही खरंच. सगळी भिस्त एका गोष्टीवर होती, की खोलीचा ताबा आपल्याकडं होता, आपण हवं तेव्हा आत जाऊ शकत होतो. बोलता बोलता मोनिका म्हणाली, एसी बघायला, सामान ठेवायला तुम्ही जातच असाल ना अधूनमधून, तेही सांगा. रामहरीनं तिथंही मान हलवली. बाई इतक्या लांबून आलेली, भराभरा बोलत होती, तिला मध्येच तोडून नाही म्हणणं त्याला बरं दिसेना. हा माणूस असाच. भिडेपोटी मान हलवायची आणि मागून घोर लावून घ्यायचा.

आपण कधी आत गेलोच नाही, हे घरी त्यानं करुणाला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ शकत होतो एवढंच सांगा आणि गप्प बसा. त्याला ते पटलं. दोन दिवस तो तेच मनात घोकत राहिला.

जबाब इथल्याच आयकर कार्यालयात झाला. त्यासाठी पुण्याहून आलेले अधिकारी मूळचे जालन्याकडचे निघाले. रामहरीला त्यांनी आधी पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, गाव विचारलं. मग प्रश्न सुरू झाले. खोली कुणाची? कंपनीची. भाडं घेत होता का? नाय. किल्ली? माझ्याकडं होती. पाटी? मी लावली, आपल्याकडं पाहुण्याचा मान असतो. सगळं मोनिकानं सांगितल्यासारखं चाललं होतं. रामहरीचा जीव थोडा भांड्यात पडला. तुम्ही हवं तेव्हा आत जाऊ शकत होता का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. व्हय, म्हणाला तो, जाऊ शकत होतो.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं, "साहेब नसताना, त्यांना न विचारता, तुम्ही कितीदा आत गेलात?"

आता बघा. एक "दोनचारदा" म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? कुणाला कळणार होतं? नोकरी वाचली असती, शिवराजांनी पाठ थोपटली असती. पण तो प्रश्न रामहरीच्या कानात वेगळाच शिरला. समोरचा माणूस त्याला करारातलं काही विचारतोय असं त्याला वाटलंच नाही. त्याला ऐकू आलं ते एवढंच, की पाहुणा बाहेर गेल्यावर तू त्याच्या घोंगडीवर पाय दिलास का. आणि कराचा, नोकरीचा, मोनिकाचा, करुणाचा, सगळ्यांचा त्याला विसर पडला. त्याला रागच आला.

"एकदाही नाय," तो म्हणाला. "आमच्याकडं पाहुण्याच्या जागेत त्यानं बोलावल्याबिगर कुणी जात नसतं. मीच जाऊ दिलं नाय कुणाला."

शेजारी बसलेल्या मोनिकानं डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि त्याला वाचून दाखवलं. बरोबर आहे का, विचारलं. बरोबर आहे, म्हणून त्यानं खाली सही केली.

पुढं व्हायचं ते झालं. आदेश निघाला, लेडरर साहेबांची खोली म्हणजे मूळ कंपनीचं ठाणं ठरलं, आणि त्या आदेशात रामहरीचं वाक्य ठळक अक्षरांत छापलं गेलं. कंपनी अपिलात गेली. शिवराजांनी रामहरीला बोलावलं, रचना बदलतोय असं काहीबाही सांगितलं आणि राजीनामा लिहून घेतला. लिहून घेताना त्यांना वाईट वाटत होतं, हे रामहरीला दिसलं. त्यानं उलट त्यांनाच चहा घ्या म्हटलं. कारखान्यातल्या त्या खोलीची भिंत पाडून टाकली. आता ऑस्ट्रियाहून कुणी आला तर त्याला हॉलमध्ये जी खुर्ची रिकामी असेल तिच्यावर बसवतात, आणि ठरलेल्या दिवसांच्या आत परत पाठवतात.

रामहरीला करमाडजवळच्या एका गोदामात काम मिळालं. पगार कमी, धूळ जास्त. कारखान्याची बस रोज समोरून जायची आणि खिडकीतून पोरं हात करायची, तेवढं मात्र त्याला जड जायचं. गावात गेला की लोक विचारायचे, असं कसं रे झालं? आपण काय चुकलो हे त्याला नीट सांगता यायचं नाही, कारण आपण चुकलो असं त्याला वाटतच नव्हतं. नोकरी गेली तर गेली, पाहुण्याला तर आपण जपलं, एवढा एक अभिमान त्यानं धरून ठेवला होता. त्याच्यावरच त्याचं चाललं होतं म्हणा ना.

अपिलाची तारीख जवळ आली तेव्हा एका दुपारी त्याला परदेशातला फोन आला. गोदामाच्या दाराशी जाऊन त्यानं तो घेतला. लेडरर साहेब होते. आवाज थकलेला. रामहरीला समजावं म्हणून ते सावकाश, तुटक इंग्रजीत बोलत होते. कंपनीच्या वकिलांनी त्यांच्याकडं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं आणि सोबत रामहरीचा जबाब वाचायला पाठवला होता. तो वाचून त्यांना कळलं होतं की रामहरीची नोकरी गेली. ते त्याची माफी मागत होते. रामहरी आपला नो सर, नो सर म्हणत होता.

मग साहेब म्हणाले, "तू कुणाला आत जाऊ दिलं नाहीस, हे मला आत्ता कळलं. मी दार मुद्दाम उघडं ठेवायचो, रामहरी. कुणीतरी येऊन बसेल, दोन शब्द बोलेल म्हणून. तू यायचास आणि बाहेरूनच दार ओढून घ्यायचास. मला वाटायचं, मी इथं कुणाला आवडत नाही."

रामहरी गोदामाच्या पायरीवर खाली बसला. त्याला पडद्यांच्या आतला तो म्हातारा दिसला, जेवणाचा डबा समोर घेऊन एकटाच बसलेला, खाली कॅन्टीनमध्ये सगळी पोरं हसत खिदळत असलेली. नोकरी गेली तेव्हाही त्याला एवढं लागलं नव्हतं. घोंगडीवरच्या पाहुण्याच्या चारी बाजूंनी माणसंच माणसं असायची, बोलणं असायचं, चुलीवर भाकरी असायची. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं पाहुण्याला दार लावून दिलं होतं आणि त्यालाच मान समजून बसला होता. साहेबांना हे सांगायला त्याच्याजवळ इंग्रजी नव्हतं. असतं तरी त्याच्यानं सांगवलं नसतं.

साहेबांनी विचारलं, की तू अधूनमधून आत येऊन बसायचास असं मी लिहू का? त्यानं कंपनीचं काम होईल, आणि तुलाही ते परत घेतील कदाचित. मला काही फरक पडत नाही, मी म्हातारा झालो.

रामहरीला नोकरीचा मोह नव्हता असं नाही. पण आपण त्यांच्यापाशी जाऊन बसायचो असं त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं, ह्याची त्याला लाज वाटली.

"नको सर," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "जे होतं, तेच लिहा."

"मग मला लिहावं लागेल, की त्या खोलीत मी एकटा होतो," साहेब म्हणाले.

व्हय सर, एवढंच रामहरी म्हणाला, आणि मराठीत म्हणाला.