कामणला गाडी थांबली तेव्हा

सासरे गेल्यापासून सासूबाई सोसायटीच्या गेटबाहेर फारशा पडत नव्हत्या. दूधवाला, देवळापर्यंतची फेरी, एवढंच. गेल्या मे महिन्यात आम्ही दोन दिवस भंडारदऱ्याला जायचं ठरवलं. त्यांनी आधी नाही म्हटलं. मग आमची आठ वर्षांची लेक रोज मागे लागली आणि एका सकाळी त्यांनी आपणहून पिशवी भरून दाराशी ठेवली.

जूचंद्रच्या घरून निघालो तेव्हा सात वाजले होते. कामणच्या पुढे गोदामांच्या रांगेशी गाडीला जळका वास यायला लागला. नवरा गियर बदलायचा, पण गाडी पुढे ओढेना. शेवटी ती रस्त्याच्या कडेलाच थांबली. मेकॅनिक मिळायला तास गेला. त्याने बघितलं आणि म्हणाला, "क्लच प्लेट गेलीय. सामान आणून बसवायला उद्याची दुपार होईल."

नवऱ्याचा चेहरा उतरला. कामावरून दोन दिवस सुट्टी मिळवायला त्याने महिनाभर खटपट केली होती. "रिक्षा बघतो, घरी जाऊ," तो म्हणाला. "जमेल तेव्हा पुन्हा काढू ट्रिप."

लेक रडायला लागली. मला तर मनातून बरंच वाटलं. एवढ्या उन्हात सासूबाईंना काही झालं असतं तर?

सासूबाई चहाच्या टपरीवरल्या बाकावर बसल्या होत्या. त्या शांतपणे मुलाला म्हणाल्या, "तू गाडीपाशी थांब. आम्ही तिघी पुढे जातो."

"आई, एसटीने? उभं राहावं लागेल."

"राहीन उभी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे गेल्यापासून कितीदा ठरवलं, आणि कितीदा दारातून परत फिरले, ते मलाच माहीत. आज घरी गेले तर पुन्हा नाही निघायची मी."

मी पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या उचलल्या.

एका गोदामातून माल घेऊन भिवंडीला निघालेल्या टेम्पोवाल्याने आम्हाला केबिनमध्ये जागा दिली. भिवंडीहून नाशिकची एसटी मिळाली. ती भरलेली होती. एका कॉलेजच्या मुलीने उठून सासूबाईंना खिडकीची जागा दिली. कसारा घाट लागला तसं त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं आणि सासऱ्यांनी लग्नानंतर आपल्याला याच घाटातून नेलं होतं, ते सांगायला लागल्या. सतरा वर्षं मी त्या घरात आहे, पण ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते. गाडी लागून त्यांना वाटेत दोनदा उलटी झाली होती, आणि सासऱ्यांनी आपला नवा रुमाल त्यांना दिला होता.

घोटीला उतरून जीपने भंडारदऱ्याला पोचायला चार वाजले. आम्ही धुळीने माखलो होतो. सासूबाई आधी धरणाच्या पाण्याकाठी गेल्या, चपला काढून पाय बुडवून बसल्या. लेक शेजारी बसून पाणी उडवत होती. त्यांचं लुगडं भिजलं, पण त्यांनी तिला एका शब्दानेही अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उशिरा दुपारी नवरा गाडी घेऊन आमच्या मुक्कामाच्या खोलीवर पोचला. आमची निघायची वेळ झाली होती. तो वैतागलेला होता, पण सासूबाईंनी त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "साहेबांना फोन करून सांग, आणखी एक दिवस लागेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. मग तो फोन लावायला बाहेर गेला.