खाली शोधा

दौलत परबला डोंगर सोडून दुसरं काही कळत नाही, असं आम्ही मित्र त्याला तोंडावर म्हणायचो. परळच्या एका इस्पितळात त्याने तीस वर्षं एक्स-रे काढले, पण रविवार आला की नायगावातली पोरं गोळा करून हा सह्याद्रीत. त्याचा एकच नियम: वाट चुकलात तर ओढा धरा आणि खाली उतरा, गाव लागतंच. त्याची रुपाली दहा वर्षांची असताना धुक्यात चुकली, ओढ्याने उतरली आणि एका कातकरी म्हातारीच्या झोपडीत भाकरी खाताना सापडली. हा किस्सा त्याने मला शंभरदा तरी ऐकवला असेल. कान किटले होते माझे.

तीच रुपाली यंदा मे महिन्यात एकटी क्रीटला गेली. भूमध्य समुद्रातलं ग्रीसचं बेट, मधोमध उंच डोंगर आणि डोंगर चिरत पार समुद्रापर्यंत गेलेल्या अरुंद घळी. रोज फोटो यायचे. 'बाबा, घळीत सगळीकडे कण्हेर फुललीय,' असं तिने लिहिलं, तर दौलत तो फोटो दादरच्या भाजीवाल्यालाही दाखवून आला.

मग दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिथल्या पोलिसांचा फोन: मुलगी मुक्कामाला परतलेली नाही. दौलतकडे पासपोर्टही नव्हता. त्याला इंग्रजी बोलायची धास्ती, म्हणून मी त्याच्या घरी दुभाष्या होऊन बसलो. लक्ष्मीवहिनी चहा ठेवायच्या आणि विसरायच्या.

पोलीस अधिकारी म्हणाला, माणसं थोडी आहेत. वरचं पठार आणि खालची घळ, दोन्ही एकदम धुंडाळता येणार नाहीत. वाट चुकली तर ती काय करेल?

दौलतने विचारच केला नाही. "माधव, चेडू आहे माझं ते. ती खालीच उतरणार. सांग त्यांना, खाली शोधा."

मी सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, नक्की? दौलतला न विचारताच मी हो म्हणालो. त्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही.

दोन दिवस त्यांनी घळ पिंजून काढली. दौलत जेवला नाही, झोपला नाही. मोबाइलमधल्या नकाशावर बोट ठेवून मला सांगत राहिला, अजून खाली, अजून खाली. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्यावर विश्वासही होता.

त्यानंतरच्या दुपारी फोन आला. एका मेंढपाळाला ती वर पठारावर सापडली होती, पायवाटेपासून अर्ध्या तासावर. वरून दिसावं म्हणून तिने लाल जॅकेट झुडपावर पसरून ठेवलं होतं. पाणी संपलेलं, त्यात रात्रीचा गारठा. आदल्या संध्याकाळपर्यंत ती जिवंत असावी, असं डॉक्टर म्हणाले. फोनमध्ये रेंजअभावी न गेलेला मेसेज होता: 'बाबा, वाट चुकलेय. हलत नाही, इथेच थांबते. येतील शोधायला.'

हे मी मराठीत कसं सांगितलं, मला आठवत नाही. दौलत भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "लक्ष्मी, खाली शोधायला मीच सांगितलं."

वहिनी रडत नव्हत्या.

"तुम्ही तिला शिकवलंत तेव्हा ती दहा वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "आता सत्तावीस वर्षांची होती."