सेंटरातला रूमबॉय

माणूस समोर आला की रूपेशला आधी त्याचं सामान दिसतं. कळंबच्या एका रिसॉर्टात नऊ वर्षं रूमबॉय म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? चुलतभावाच्या लग्नात नवरदेव मांडवात आला, तर ह्याने पुढे होऊन त्याची पिशवी घेतली आणि विचारलं, प्रवास कसा झाला, सर?

करोनाची दुसरी लाट आली, रिसॉर्टला कुलूप लागलं आणि रूपेश वाडीवर घरी बसला. त्याची बायको प्रिया सोशीक. पण तो रिसॉर्टातल्यासारखा भाकरीच्या ताटाशेजारी पंच्याला घड्या घालून त्याचा हंस करून ठेवायला लागला, तेव्हा तिचाही धीर सुटला. त्याच सुमारास पंचायत समितीने आपल्या निधीतून रुग्णसेवेचं प्रशिक्षण काढलं. शिकेपर्यंत जेवण आणि भत्ता, पास झालं तर दहिवलीच्या कोविड सेंटरात नोकरी. प्रियाने परस्पर त्याचं नाव घातलं.

सेंटर म्हणजे एरवीचं मंगल कार्यालय. जिथे पंगती बसायच्या, तिथे आता खाटा. शिकवायला विनिता सिस्टर, कडक बाई. रूपेश ऑक्सिजन मोजायला शिकला, नळी लावायला शिकला, पण तोंडाचं वळण काही सुटेना. नाश्ता साडेदहापर्यंत मिळेल, मॅडम, असं त्याने एका आजींना सांगितलं, तेव्हा सिस्टरांनी त्याला बजावलं की हे हॉटेल नाही. आणखी एकदा असं झालं तर तुझ्या दाखल्यावर मी सही करणार नाही.

परीक्षेला त्याच्या वाट्याला आले मोरूकाका. कळंबचेच शेतकरी, आवाज मोठा, ऑक्सिजन कमी. त्यांना पालथं झोपवायचं होतं. पालथं झोपलं की फुप्फुसांत हवा नीट खेळते. पण काका ऐकतील तर शपथ. आकडा सत्त्याऐंशीवर आलेला. आणखी उतरला तर पनवेलला न्यावं लागणार, आणि तिथे खाट मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती. डॉक्टर समजावून गेले, सिस्टर रागावून झाल्या, मुलगा फोनवर रडला. काकांचं एकच. पालथं तान्ही पोरं पडतात, मी नाय पडणार.

रूपेश काकांना चांगला ओळखत होता. रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव आहे ना, ते काकांचं भाताचं खाचर. जमीन विकल्यावर ते कितीदा तरी फाटकाशी यायचे आणि वॉचमन त्यांना वाटेला लावायचा. मग ते सुटीच्या वेळेला रूपेशला रस्त्यात गाठून विचारायचे, आत करतात तरी काय रं?

रूपेश खाटेशी वाकला. सिस्टर शेजारीच उभ्या. पण त्याच्या तोंडून निघायचं तेच निघालं.

"सर, मसाजची वेळ झाली."

काकांनी डोळे उघडले. "तिथं देतात तसला?"

"तसलाच. पालथं व्हावं लागतं."

"अन् पैसं?"

"पॅकेजमधी हाय."

काका पालथे झाले.

रूपेशने चटकन छातीखाली उशी सरकवली, नळी नीट केली आणि त्या पांढऱ्या किटमध्ये घामाघूम होत, रबरी मोज्यांनी काकांचे खांदे हलके हलके चोळायला घेतले. खरं तर त्याने जन्मात कोणाला मसाज दिला नव्हता. रिसॉर्टातल्या मसाजच्या खोलीच्या दाराबाहेर टॉवेल ठेवण्यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. काकांना ते कुठून कळणार? ते कण्हायचे थांबले. आकडा जरा रेंगाळला, मग नव्वद झाला, मग त्र्याण्णव. सिस्टरांनी लांब श्वास सोडला आणि त्या खुर्चीत बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

"कमरंला पण घे रं," उशीतून आवाज आला.

रूपेशने भीतभीत सिस्टरांकडे पाहिलं.

"घे," त्या म्हणाल्या. "आणि संध्याकाळी परत."

काका पुढे आपल्या पायांनी घरी गेले आणि रूपेशला नोकरीही लागली. पण त्या दुपारी सिस्टर त्याला तू पास झालास म्हणून सांगत होत्या, तेव्हा त्याचं निम्मं लक्ष पलीकडे होतं. शेजारच्या तीन खाटांवरचे पेशंट, कोणी काही न सांगता, पालथे होऊन वाट बघत होते.